पाणी किती निघालं

त्या हिवाळ्यात आमच्या घरात प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या ग्लासावर होती. घर कॅनडातल्या सस्काटूनच्या पूर्वेकडच्या नव्या वस्तीतलं, पुढे गराज आणि मागे बॅकयार्ड, आजूबाजूच्या घरांसारखंच. आत चार माणसं: बाबा, आई, बाबांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. मी बारावीत होते. बाबांच्या दोन्ही किडन्या रक्तदाबामुळे निकामी झाल्या होत्या आणि त्यांचं डायलिसिस घरीच, पोटातून, चालू होतं. बेंबीच्या खाली डावीकडे एक मऊ नळी कायमची बसवलेली होती. दोन लिटरच्या पिशवीतलं साखर मिसळलेलं पाणी त्या नळीतून पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं आणि मग बाहेर काढायचं. दोन लिटर आत गेले आणि बाहेर त्याहून जास्त आलं, तर ते जास्तीचं म्हणजे अंगात साठलेलं पाणी निघालं. तेवढंच आलं किंवा कमी आलं, तर पाणी अंगातच राहिलं. बाबांची सूज, धाप आणि नोकरी त्या फरकावर अवलंबून होती. त्यामुळे घरात पाऊल टाकणारा प्रत्येकजण बूट काढता काढता आधी एकच विचारायचा: पाणी किती निघालं?

त्या घराचे आवाज मला अजून वेगवेगळे आठवतात. पिशवी जोडताना खोलीत वारा हलता कामा नये, कारण नळीच्या तोंडाशी एखादा जंतू गेला तर पोटात संसर्ग होतो. म्हणून बाहेर कितीही थंडी असली तरी आई आधी थर्मोस्टॅटकडे जायची आणि फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा फुंकणारी भट्टी, बंद करायची. कॅनडातल्या घरात फर्नेसची घरघर इतकी कायमची असते की ती थांबली की कळतं, इतका वेळ आवाज होता. मग हात धुण्याचा आवाज, मास्कचं इलॅस्टिक, प्लास्टिकचं जाड वेष्टण फाडल्याचा कर्र आवाज आणि शेवटी पोटातलं पाणी जमिनीवरच्या रिकाम्या पिशवीत उतरतानाची बारीक सुरसुर. ती संपली की बाबा पिशवी वजनकाट्याच्या हुकला लावायचे. हुक थोडा करकरायचा. त्यानंतरच्या शांततेत आम्ही तिघी, आपापल्या ठिकाणी, हातातलं काम न थांबवता, आकडा ऐकायला थांबलेल्या असायचो.

हे सगळं आम्हाला शिकवलं डोना नावाच्या नर्सने. क्लिनिकमधल्या छोट्या खोलीत तिने आम्हाला बसवलं आणि सांगितलं की पोटाच्या आतून एक पातळ अस्तर असतं, त्याच्या मागे रक्ताच्या बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. पोटातल्या पाण्यात साखर दाट, रक्तात ती विरळ. म्हणून रक्तातलं पाणी अस्तरातून साखरेकडे ओढलं जातं. बाबा मिनरल प्रोसेसिंगचे इंजिनियर, पोटॅश या खनिज खताच्या खाणीवरच्या मिलमध्ये नोकरीला, पण ते डोनाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारत राहिले. मला शाळेत त्याची तोंडओळख आधीच झाली होती, तरी माझं लक्ष त्या नळीकडेच होतं. पहिल्या झटक्यात समजलं ते आईला. ती मराठीत म्हणाली, "म्हणजे बेदाण्याचंच हे."

आई आणि बाबा दोघंही तासगावकडचे. त्या भागात घरोघरी कुणाचं ना कुणाचं बेदाण्याचं शेड असतं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड आधी पोटॅश आणि तेलाच्या पाण्यात बुडवून काढायचे, म्हणजे तो थर मोकळा होतो, आणि मग जाळ्यांवर पसरून सोडून द्यायचे. दिवस जातील तसं पाणी जातं. आईने नववीत परासरणाचा प्रयोगही बेदाण्यावरच केला होता: साध्या पाण्यात टाकला की फुगतो, साखरेच्या दाट पाकात टाकला की आकसतो. तिला ते शब्दही पाठ होते, परासरण आणि निवडक्षम पारपटल, आणि घरी येताना गाडीत तिने ते मला म्हणून दाखवले. मी osmosis म्हणत होते, ती परासरण म्हणत होती. दोघींना एकच गोष्ट कळली आहे असं आम्हाला वाटलं. ती गोष्ट अर्धी होती, हे कळायला पुढे तीन महिने जावे लागले.

आत्या आली ती पहिल्या बर्फानंतर. व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी, भावाला हातभार म्हणून. तिच्या बॅगेतून चटण्या निघाल्या, ज्वारीचं पीठ निघालं, आणि घरच्या शेडमधल्या हिरव्या बेदाण्यांची दोन पाकिटं. बेदाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि सुरुवातीच्या त्या महिन्यांत बाबांना ते बेतानेच घ्यायला सांगितलं होतं. आईने पाकिटं बेसमेंटमध्ये, पिशव्यांच्या खोक्यांच्या मागच्या फळीवर नेऊन ठेवली आणि प्रत्येकाला रबरबँड घातलं. आत्याने ते पाहिलं. ती म्हणाली, "उंदीर आहेत का गं तुमच्याकडे?" आई म्हणाली, नाहीत. आत्या म्हणाली, "मग असू दे." त्या दोघींमध्ये पुढे जे झालं त्याची सुरुवात मी इथून धरते.

आत्या स्वयंपाक चांगला करायची, आणि तीच अडचण झाली. बाबांना मीठ जवळजवळ बंद होतं आणि प्यायचं पाणी मोजून होतं. आई त्यांच्यासाठी वेगळं, बिनमिठाचं करायची आणि बाबा ते औषधासारखं गिळायचे. आत्याने दुसऱ्या आठवड्यात बाबांचं ताट आपल्याकडे घेतलं. भाकरीत तसंही मीठ नसतंच, हे तिने आधी सगळ्यांना ऐकवलं. बटाटे पातळ चिरून कोमट पाण्यात भिजत ठेवायची आणि ते पाणी फेकून द्यायची, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. हे डोनानेच सांगितलं होतं. वांगं आचेवर भाजून त्यात कच्चा लसूण आणि हिरवी मिरची ठेचून घालायची. कोबीवर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ताटात वाढल्यावर वरून लिंबू. बाबा पहिल्यांदा दुसरी भाकरी मागून घ्यायला लागले. जेवताना ते बोलायला लागले. आई त्यांच्याकडे बघत बसायची, आणि एक दिवस तिने बाबांच्या वांग्याचा घास घेऊन बघितला. चव तिला फारच चांगली वाटली. बिनमिठाचं इतकं चांगलं लागणं तिला शक्य वाटेना.

त्याच सुमारास पाणी कमी निघायला लागलं. आधी थोडं कमी, मग जेवढं आत तेवढंच बाहेर. बाबांच्या घोट्यांवर मोज्याच्या इलॅस्टिकची खाच उमटायची आणि तशीच राहायची. सकाळचं वजन चढत होतं. डोनाने फोनवर नेहमीचे प्रश्न विचारले: पाणी जास्त पितात का, मीठ जास्त जातंय का, पोट साफ होतंय का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाबांनी दिलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आई घरात शोधायला लागली.

पुढे आयुष्यभर मी बातम्यांचं काम केलं. आरोप आणि पुरावा यांच्यातली रेघ सांभाळणं हा त्या कामाचा मोठा भाग असतो. आमच्या घरात ती रेघ फार लवकर पुसली गेली. आईने मिठाच्या बरणीवर आतल्या मिठाच्या पातळीशी पेनाने बारीक खूण केली. चार दिवसांनी मीठ खुणेच्या खाली होतं, पण ते आम्हा तिघींच्या जेवणात गेलं की चौघांच्या, हे खुणेवरून कळणार कसं? मग बरणी आईच्या कपाटात गेली आणि आम्हाला लागेल तेवढं ती वाटीत काढून द्यायला लागली. आत्याने फोनवर तासगावला, मोठ्याने, दार उघडं ठेवून सांगितलं की इथे मिठालाही पहारा आहे. आत्याचाही एक संशय होता, आईवरचा. डोनाने हात दोन मिनिटं धुवायला सांगितले आहेत आणि ही बँकेतल्या कामावरून येते, कोट काढते आणि थेट पिशवी फाडते, असं तिचं म्हणणं. ती घड्याळाकडे बघत वॉशरूमच्या दाराशी उभी राहायची. बाबांचा संशय पिशव्यांवर होता. नव्या खोक्यांचा नंबर वेगळा आहे, ट्रकमध्ये गारठून साखरेचं काहीतरी झालं असेल, असं ते म्हणायचे. जास्तीचं पाणी मी पीत नाही, हेही ते म्हणायचे, पण दिवसभर ते खाणीवर असायचे आणि तिथे त्यांच्यावर कुणाचं लक्ष नव्हतं. माझा संशय रोज बदलायचा. बाबा गराजमध्ये गाडीत जरा जास्त वेळ बसले की मी खिडकीतून बघायचे.

क्लिनिकच्या भेटीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रक्ताचे आकडेही बिघडत चालले होते. पुढच्या भेटीपर्यंत सुधारणा नाही दिसली तर पोटाचं डायलिसिस थांबवावं लागेल आणि हॉस्पिटलच्या मशीनवर यावं लागेल, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी निम्मा दिवस. खाण शहरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर होती. कंपनीने आधीच बाबांना शिफ्टवरून काढून दिवसाच्या कामावर घेतलं होतं, आणि त्यापेक्षा जास्त सवलत मिळणार नव्हती. परत येताना बाबा गाडी चालवत म्हणाले, "तीन दिवस इथे, तर तिथे मी कशाला हवाय त्यांना?" आईने विंटर टायर्सबद्दल काहीतरी विचारलं. मी मागच्या सीटवर होते. नोकरी गेली तर घराचे हप्ते, माझं कॉलेज, यातलं काहीही कुणी उच्चारलं नाही.

त्याच आठवड्यात आई आणि आत्याचं पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं एका बाबतीत एकमत झालं. पाणी कमी निघतंय, तर ते पोटात जास्त वेळ ठेवायचं. हे कुणी कुणाला सुचवलं ते मला सांगता येणार नाही. ओट्याशी उभं राहून दोघी बोलत होत्या आणि दोघी माना हलवत होत्या. आत्या म्हणाली, घाई केलेला बेदाणा आतून ओलाच राहतो, वेळ दिला की पाणी जातंच. आई म्हणाली, मलाही तेच वाटतंय. दिवसाला चार पिशव्या सांगितलेल्या होत्या. त्यातली दुपारची बाबा खाणीवरच्या एका स्टोअररूममध्ये, दाराला आतून खुर्ची लावून करायचे, आणि ती त्यांना नकोशी होती. ती आधी गेली. सकाळची पिशवी संध्याकाळपर्यंत पोटात राहायला लागली. पाणी आणखी कमी निघालं. मग झोपतानाचीही गेली आणि संध्याकाळची सकाळपर्यंत राहायला लागली. त्याने आणखीच कमी निघालं, दोन लिटरपेक्षाही कमी. जितकं कमी निघे तितका आईचा चोरून मीठ-पाणी चालल्याचा संशय पक्का होई, आणि तितकी ती पिशवी जास्त वेळ ठेवी. बाबा, जे मिलमध्ये कुठल्याही टाकीतलं काहीही आधी मोजल्याशिवाय बदलू द्यायचे नाहीत, त्यांनी हे चालू दिलं. दुपारची स्टोअररूम सुटली होती.

शाळेत तेव्हा आमचा पेशीपटलाचा धडा चालू होता. आमचे बायॉलॉजीचे सर सावकाश बोलायचे आणि फळ्यावर मोठं काढायचे. पेशीभोवतीचं पटल म्हणजे चरबीसारख्या रेणूंचे दोन थर. प्रत्येक रेणूला एक डोकं, त्याला पाणी आवडतं, आणि दोन शेपट्या, त्यांना पाणी नको. दोन्ही थरांची डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मधे लपलेल्या. हे दोन थर घट्ट नसतात, रेणू आपापल्या थरात सारखे सरकत असतात. ऑक्सिजनसारखे लहान रेणू सरळ आरपार जातात. साखरेला, मिठाला तसं जाता येत नाही, त्यांना प्रथिनांची दारं लागतात. पाण्याचीही स्वतःची अरुंद दारं असतात, ज्यातून दुसरं काही जात नाही. आणि काही दारं पंपासारखी, शक्ती खर्च करून उलट्या दिशेने ढकलणारी: सोडियम बाहेर, पोटॅशियम आत, अखंड. बाबा मिलमध्ये पोटॅश म्हणून जे पोटॅशियम वेगळं करत होते आणि घरी ताटात जे बेतानेच चालायचं, ते प्रत्येक पेशी असं आत ओढून धरून ठेवत होती. मी वहीत आकृती काढली, रंग दिले. घरी मात्र कोण काय आत नेतंय, एवढाच प्रश्न होता.

प्रयोगासाठी आम्ही पारदर्शक नळीची एक छोटी पिशवी केली होती, पटलासारखी बारीक छिद्रं असलेली. तिच्यात साखरेचं दाट पाणी भरून दोन्ही टोकं बांधली आणि साध्या पाण्याच्या बीकरमध्ये सोडली. शुक्रवारी तास संपेपर्यंत ती टम्म फुगली, बोटाने दाबता येईना. साफ करायला वेळ नव्हता म्हणून बीकर तसाच राहिला. सोमवारी बघितलं तर ती ढिली पडली होती. सरांना विचारलं. ते म्हणाले, साखरही हळूहळू बाहेर झिरपली, दोन्हीकडे सारखी झाली, आता पाण्याला ओढणारं कोणी उरलं नाही. मी हे घरी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, ते प्लास्टिक आहे, हा माणूस आहे. आत्याने विचारलं, शाळेत साखर वाया घालवतात का. विषय तिथे संपला, आणि मीही तो वाढवला नाही, कारण प्रयोगातली ती पिशवी आणि बाबा यांचा संबंध मलाही अजून नीट लागला नव्हता.

मग तो शनिवार. आई ग्रोसरीला गेली होती आणि काहीतरी विसरलं म्हणून अर्ध्यातून परत आली. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते, आत्या सिंकशी. टेबलावर बाबांच्या समोर स्टीलचा एक रिकामा ग्लास, आतून ओला. आईने कोट न काढताच तो उचलला, उजेडाकडे धरला आणि वास घेतला. मी जिन्यात उभी होते.

आत्या वळली. "वास कसला घेतेस? विचार की."

"विचारलं तर खरं सांगाल, आक्का?"

"माझ्या वाट्याचं आहे," बाबा म्हणाले. "सकाळपासून पहिलं."

आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही प्रेमापोटी करता, मला कळतं. पण तुम्ही चैत्रात परत जाल. हॉस्पिटलच्या चकरा आम्ही मारायच्या आहेत."

आत्याने नळ बंद केला. हात पुसले. मग ती बाबांना म्हणाली, आईला नाही: "गजू, मी तुला चोरून काही देते का?"

बाबा टेबलाकडे बघत राहिले. एवढ्या सोप्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. फर्नेस एकदा चालू होऊन बंद झाल्याचं आठवतं. आत्याने ग्लास आईच्या हातातून घेतला, धुतला, पालथा घातला आणि म्हणाली की तिकीट अलीकडचं मिळतंय का ते बघा. संध्याकाळी तिने नेहमीसारखी भाकरी केली. बाबांनी दोन खाल्ल्या.

पुढच्या भेटीच्या आधी डोनाने पोटाच्या अस्तराची एक तपासणी ठेवली होती. चार तासांची. पाणी आत सोडायचं, ठरलेल्या वेळी थोडं थोडं काढून त्यातली साखर मोजायची. आत्या हट्टाने सोबत आली. तिला इंग्रजी फार येत नव्हतं, पण जे काही बाहेर पडेल ते आपल्या समोर पडावं असं तिचं म्हणणं होतं. आम्ही वेटिंग रूममध्ये चार खुर्च्यांवर बसलो, मधे एक रिकामी ठेवून. निकाल आठवड्याने मिळाला, डोनाच्या त्याच छोट्या खोलीत, पुन्हा सगळ्यांसमोर.

डोनाने कागदावर एक उलटी वाटी काढावी तशी रेघ काढली. ती म्हणाली, प्रत्येकाचं अस्तर वेगळं असतं. रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या पटलात पाण्याची खास दारं असतात, बरंचसं पाणी तिथून येतं. साखरेला त्या दारांतून जाता येत नाही, पण दोन पेशींच्या मधल्या फटींतून ती हळूहळू रक्तात निसटते. काहींची हळू, काहींची भराभर. यांची फार भराभर, आणि सुरुवातीच्या महिन्यांत हा वेग वाढतोही. सुरुवातीला पाणी झपाट्याने येतं, मग साखर संपते, ओढ संपते, आणि त्यानंतर शरीर ते पाणी परत शोषून घ्यायला लागतं. तिने रेघ जिथे खाली उतरते तिथे पेन टेकवला आणि सहज विचारलं की घरी पोटात किती वेळ ठेवता.

आईने सांगितलं. न लपवता, आणि मला वाटतं थोड्या अभिमानानेही. सकाळी सहाला भरतो, संध्याकाळी सहाला काढतो. मग तेच पुन्हा सकाळपर्यंत.

डोनाने पेन खाली ठेवला. ती रागावली नाही. ती म्हणाली की इतक्या वेळात या माणसाने पाण्याचा थेंब घेतला नसता तरी सूज आलीच असती. आई त्या रेघेकडे बघत होती. तासगावात ढगाळ हवा आली की जाळीवरचा बेदाणा परत ओल धरतो आणि काळा पडतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने ते मला हळू आवाजात सांगितलं आणि मग म्हणाली, "म्हणजे काढलेलं मीच परत आत घालत होते."

आत्या माझी बाही ओढत होती. मी तिला सगळं मराठीत सांगितलं. फटी, दारं, साखर, वेळ. तिने एकदा पुन्हा सांगायला लावलं. मग ती म्हणाली, "वेळ वाढवायला मीही सांगितलं होतं, ते माझ्या नावावर लिही. पण ग्लासाचा काही संबंध नाही ना, ते विचार हिला."

मी विचारलं. डोना म्हणाली, कुठला ग्लास? मग ती पुढच्या मुद्द्याकडे वळली.

हॉस्पिटलच्या मशीनची वेळ आली नाही. भराभर साखर सोडणाऱ्या अस्तराला थोडा थोडा वेळ ठेवलेलं पाणी मानवतं. म्हणून बाबांना घरीच वापरायचं एक लहान मशीन मिळालं, झोपेत आपोआप भरणारं आणि काढणारं, दर खेपेला जेमतेम दीड-दोन तास पोटात ठेवणारं. पहिल्याच सकाळी पडद्यावर आलेला आकडा बाबांनी मोठ्याने वाचला, आणि मग आम्हाला खोलीत बोलावून पुन्हा वाचला. दहा-बारा दिवसांत घोटे दिसायला लागले. खाणीवर त्यांनी कळवलं की सगळं ठीक आहे, आणि ते खरं होतं. मिठाची बरणी ओट्यावर परत आली. तिकिटाचा विषय निघाला नाही.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आत्या टेबलाशी बसून होती. ताटं अजून उचललेली नव्हती. ती बाबांना म्हणाली, "तुला तर माहीत होतं, मी काही देत नव्हते. त्या दिवशी नुसतं नाही म्हणायचं होतंस."

बाबांनी ताटातलं लिंबू बोटाने बाजूला सारलं. "पाणी देत नव्हतीस, ते माहीत होतं," ते म्हणाले. "पण मीठ घालतेस असं मलाही वाटायचं. इतकं चांगलं लागायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर बंद झालं असतं."

आई उठली आणि ताटं गोळा करायला लागली. मी त्या वाक्याचा विचार पुढे बरीच वर्षं केला आहे. ज्याचा जीव टांगणीला होता तो माणूस आपल्याला विषासारखी असलेली गोष्ट चोरून मिळते आहे असं समजत होता, देणारीला मनात दोषी धरत होता, आणि गप्प बसून जेवत होता. आमच्या सगळ्यांच्या संशयात त्याचा संशय सर्वांत पक्का होता आणि तोच त्याने एकट्याने, कुणाला न सांगता, सांभाळला होता. त्यात राग कुठेच नव्हता, हे मला अजूनही समजून घेता येत नाही.

आत्या व्हिसा संपेपर्यंत राहिली. घरातली सगळी कामं करायची, बर्फही शोव्हल करायची, माझ्या वेण्या घालायची. बाबांच्या ताटाला मात्र त्या रविवारनंतर तिने हात लावला नाही. ते पुन्हा आईकडे गेलं, पुन्हा पहिल्यासारखं झालं, आणि बाबा पुन्हा एका भाकरीवर आले. पाणी व्यवस्थित निघत होतं. ती जायच्या आठवड्यात बाबा खाणीवरून लवकर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ती आमच्यासाठी वांगं भाजत होती.

"आक्का, आज माझंही तूच कर ना."

आत्याने वांग्याची बाजू बदलली. "नको बाबा," ती म्हणाली. "उद्या पाणी कमी निघालं तर?"